एकाचा सुगंध, दुसऱ्याचा दुर्गंध

भारतीय न्यायशास्त्राच्या अभ्यासाचा आरंभ ज्या लहानशा ग्रंथापासून करण्याची प्रथा आहे, त्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त इंद्रियांना जाणवणाऱ्या गुणांचे वर्गीकरण केलेले आढळते. सतराव्या शतकातील ह्या ग्रंथात रूपाचे म्हणजे रंगाचे सात प्रकार सांगितले आहेत, रसाचे सहा आणि स्पर्शाचे तीन. गंधाचे प्रकार मात्र दोनच : सुरभी आणि असुरभी. ह्या वर्गीकरणातील एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. तांबडा रंग कोणाला आवडो वा न आवडो, तो तांबडाच असतो. आंबट रस नावडला तरी आंबटच राहतो. गंधाची विभागणी मात्र त्याच्या स्वरूपावरून केलेली नसून तो सुखद आहे की दुःखद, ह्यावरूनच केलेली आहे.

रोजच्या बोलण्यातही हेच दिसते. रंगांना स्वतंत्र नावे आहेत. वासांना बहुधा वस्तूंची नावे उसनी घ्यावी लागतात : चंदनाचा वास, रॉकेलचा वास, ओल्या मातीचा वास. आणि एखाद्या वस्तूला नुसता ‘वास येतो’ असे म्हटले, तरी तो चांगला नाही हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. वासाची जाणीव आणि वासाविषयीचा निवाडा ह्या दोन गोष्टी मनात जणू एकाच क्षणी घडतात.

हा निवाडा सर्वांचा सारखा असता, तर प्रश्नच उरला नसता. परंतु तसे नाही. सुक्या मासळीच्या वासाने एकाची भूक चाळवते, तर दुसऱ्याला तेथे उभे राहवत नाही. पेट्रोलचा वास काही जणांना मनापासून आवडतो, तर काहींचे त्याने डोके दुखते. एकच पदार्थ, त्यातून उडणारे रेणूही तेच, आणि तरीही अनुभव परस्परविरुद्ध, असे का व्हावे? ह्याचे उत्तर काही अंशी नाकात आहे, काही अंशी स्मृतीत आणि काही अंशी समाजात.

नाकापासून मेंदूपर्यंत

कोणत्याही वस्तूचा वास येण्यासाठी तिच्यातील काही रेणू हवेत मिसळून नाकापर्यंत पोहोचावे लागतात. नाकाच्या पोकळीच्या अगदी वरच्या भागात काही चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचे एक नाजूक अस्तर असते. त्यात लक्षावधी घ्राणपेशी दाटीने बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या टोकाशी सूक्ष्म तंतू असतात आणि त्या तंतूंवर वासाचे रेणू पकडणारी प्रथिने असतात. ह्या प्रथिनांना ‘ग्राही’ असे म्हणतात.

हे ग्राही तयार करणाऱ्या जनुकांचा शोध अमेरिकेतील लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल ह्या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये लावला व त्याबद्दल २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उंदराच्या शरीरात असे हजाराहून अधिक कार्यक्षम जनुक आहेत. माणसात ते सुमारे चारशे आहेत. एका घ्राणपेशीवर सामान्यतः एकाच प्रकारचे ग्राही असतात. एक ग्राही अनेक प्रकारच्या रेणूंना कमीअधिक प्रतिसाद देतो आणि एक रेणू अनेक ग्राहींना जागे करतो. थोड्या अक्षरांपासून जसे असंख्य शब्द बनतात, तसे चारशे ग्राहींच्या निरनिराळ्या जुळण्यांतून असंख्य वास ओळखले जातात.

घ्राणपेशींकडून निघालेले संदेश प्रथम मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात जातात. तेथून पुढचा त्यांचा मार्ग इतर इंद्रियांपेक्षा वेगळा आहे. डोळे, कान व त्वचा ह्यांचे संदेश मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे पाठवले जातात. गंधाचे संदेश मात्र त्या केंद्राची वाट न पाहता भावना व स्मृती ह्यांच्याशी निगडित असलेल्या भागांपर्यंत थेट पोहोचतात. कशाचा वास आहे हे सांगता येण्यापूर्वीच माणसाच्या मनात ओढ किंवा किळस निर्माण होते, ती ह्या निकटच्या संबंधामुळे.

प्रत्येकाचे नाक वेगळे

सर्वांचे डोळे जवळजवळ सारखेच रंग पाहतात. नाकांबाबत तसे म्हणता येत नाही. ग्राहींच्या चारशे जनुकांत व्यक्तिपरत्वे पुष्कळ फरक असतात. एखाद्याच्या शरीरात कार्यक्षम असलेला जनुक दुसऱ्याच्या शरीरात निरुपयोगी झालेला असू शकतो.

ह्याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे अँड्रोस्टेनोन. हे द्रव्य डुकराच्या नराच्या लाळेत विपुल असते आणि माणसाच्या घामातही अल्प प्रमाणात आढळते. काही लोकांना त्याला शिळ्या मुताचा किंवा घामाचा उग्र दर्प येतो. काहींना तोच वास गोडसर, फुलांसारखा किंवा व्हॅनिलासारखा वाटतो. आणि काहींना कसलाच वास येत नाही. लेस्ली व्हॉसहॉल, हिरोआकी मात्सुनामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जवळजवळ चारशे लोकांची तपासणी करून दाखवून दिले की, ह्या भिन्नतेचा संबंध एकाच ग्राहीच्या जनुकातील दोन बारीक फरकांशी आहे. ज्यांच्याकडे त्या जनुकाचे अधिक कार्यक्षम रूप आहे, त्यांना हा वास तीव्र आणि घाणेरडा वाटतो. दुसरे रूप असणाऱ्यांना तो सौम्य वाटतो. म्हणजे ‘घाण वास येतो’ म्हणणारा आणि ‘कुठे येतो?’ असे विचारणारा, हे दोघेही खरेच बोलत असतात.

कोथिंबिरीची गोष्टही अशीच आहे. भारतातील बहुतेक स्वयंपाकघरांत तिच्यावाचून चालत नाही. पण जगातील काही लोकांना तिला साबणाचा वास येतो. कोथिंबिरीच्या वासात अल्डिहाइड वर्गातील द्रव्यांचा मोठा वाटा असतो आणि त्याच वर्गातील द्रव्ये साबणात, तसेच ढेकणाच्या उग्र दर्पातही आढळतात. पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१२ मधील एका अभ्यासात, साबणाचा वास जाणवण्याशी एका घ्राणग्राहीच्या जनुकाचा संबंध असल्याचे दिसून आले. परंतु त्याच अभ्यासाने हेही दाखवले की, ह्या नावडीत आनुवंशिकतेचा वाटा लहानच आहे. त्याच वर्षी कॅनडात झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत पूर्व आशियाई वंशाच्या तरुणांपैकी २१ टक्क्यांना कोथिंबीर नावडती होती. दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत हे प्रमाण ७ टक्के होते. ज्या घरांत ती रोज चिरली जाते, त्या घरांतील मुलांना तिचा तिटकारा क्वचितच वाटतो, असा ह्याचा अर्थ लावता येईल.

नाक हे जन्मापासून मरणापर्यंत एकसारखे राहते असेही नाही. २०२० पासून पसरलेल्या कोविडच्या साथीत असंख्य लोकांची वास घेण्याची शक्ती गेली. तिची भरपाई होत असताना काहींना विचित्र अनुभव आला : कॉफी, भाजलेले पदार्थ, कांदा, लसूण अशा आवडत्या वस्तूंना कुजल्यासारखा किंवा जळक्या घाणीसारखा वास येऊ लागला. पदार्थ तेच होते. घ्राणपेशींची घडी विस्कटली होती.

मात्रा आणि प्रसंग

दोन माणसांची नाके सारखी आहेत असे क्षणभर मानले, तरी वासाचा निवाडा सारखाच होईल असे नाही. तो मात्रेवर अवलंबून असतो. मोगरा, चमेली, जाई ह्या फुलांच्या वासात इंडोल नावाचे द्रव्य असते. हेच द्रव्य विष्ठेतही असते. शुद्ध स्वरूपात आणि मोठ्या मात्रेत त्याचा वास कोणालाही सुखद वाटत नाही. परंतु अत्यल्प मात्रेत आणि इतर सुवासिक द्रव्यांच्या संगतीत ते फुलाच्या वासाला भरदारपणा आणते. कस्तुरीमृगाची कस्तुरी व गंधमार्जाराचा जवादी ह्यांचा मूळ दर्प उग्र असतो; तरीही शतकानुशतके सुगंधी द्रव्यांत त्यांना मानाचे स्थान होते.

निवाडा प्रसंगावरही अवलंबून असतो. पहिल्या पावसानंतर दरवळणाऱ्या मृद्गंधाचे उदाहरण पुरेसे आहे. मातीतील सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर ते हवेत उडते. ऑस्ट्रेलियातील बेअर व थॉमस ह्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ह्या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. त्यांच्या कितीतरी आधीपासून उत्तर प्रदेशातील कनौज येथील अत्तरवाले भाजलेल्या मातीचा अर्क भट्टीवर काढून चंदनाच्या तेलात उतरवीत आले आहेत. तेच ‘मिट्टी अत्तर’ होय. पण हेच जिओस्मिन पिण्याच्या पाण्यात उतरले की लोक पाणी गढूळ म्हणून फेकून देतात, आणि तळ्यातील माशात उतरले की माशाला चिखलाचा वास येतो अशी तक्रार होते. एक लिटर पाण्यात त्याचे काही नॅनोग्रॅमही माणसाच्या नाकाला पुरेसे होतात. अंगणात जो सुगंध, तोच पेल्यात दुर्गंध. फरक द्रव्यात नाही, अपेक्षेत आहे.

नावाचा प्रभाव

अपेक्षेचा हा प्रभाव प्रयोगशाळेतही मोजता आला आहे. आयसोव्हॅलेरिक आम्ल हे पायमोज्यांच्या दर्पाला कारणीभूत असणारे एक द्रव्य आहे. मुरवलेल्या चीजमध्येही ते असते. हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. लिंबर्गर नावाचे उग्र वासाचे चीज ज्या जिवाणूंच्या साहाय्याने मुरते, त्यांचे जवळचे भाईबंद माणसाच्या पायाच्या बोटांमध्ये राहतात. मलेरिया पसरवणाऱ्या आफ्रिकेतील एका जातीच्या डासांना माणसाच्या पायांप्रमाणेच ह्या चीजचाही वास आकर्षित करतो, असे १९९६ मध्ये दिसून आले. डासाच्या दृष्टीने दोहोंत भेद नाही. भेद करतो तो माणूस.

मानसशास्त्रज्ञ रेचेल हर्झ व त्यांच्या सहकारी संशोधिकेने २००१ मध्ये काही लोकांना एक मिश्रण हुंगण्यास दिले. त्यात आयसोव्हॅलेरिक आणि ब्यूटिरिक ही आम्ले होती. एका वेळी ते ‘पार्मेसान चीज’ म्हणून दिले आणि दुसऱ्या वेळी ‘वांती’ म्हणून. पहिल्या नावाने ज्यांना तो वास बरा वाटला, त्यांनाच दुसऱ्या नावाने तो असह्य वाटला, आणि दोन्ही वेळी वस्तू एकच होती ह्यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. २००५ मध्ये ऑक्सफर्ड येथील एडमंड रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच प्रयोगाच्या वेळी मेंदूच्या कार्याचे चित्रण केले. ‘चेडर चीज’ ही अक्षरे समोर असताना आणि ‘अंगाचा दर्प’ ही अक्षरे समोर असताना एकाच वासाला मेंदूचा प्रतिसाद वेगवेगळा होता. कपाळामागील ज्या भागात सुखदतेचे मूल्यमापन होते, तेथेच हा फरक दिसला. म्हणजे चीज हे नाव ऐकून माणूस केवळ शिष्टाचारापोटी वास चांगला म्हणत नाही; त्याला तो खरोखरच चांगला जाणवतो.

आवडीचे शिक्षण

ही नावे, ह्या अपेक्षा माणूस कोठे शिकतो? हे शिक्षण जन्मापूर्वीच सुरू होते. गरोदर स्त्रीने लसूण खाल्ला असता गर्भजलाला लसणाचा वास येतो, असे १९९५ मधील एका प्रयोगात आढळले. फ्रान्समधील बेन्वा शाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली नवजात अर्भकांची पाहणी केली. ज्या मातांनी गरोदरपणाच्या अखेरच्या काळात बडीशेपेसारख्या वासाच्या अ‍ॅनिसचे पदार्थ खाल्ले होते, त्यांची अर्भके त्या वासाकडे वळत होती. इतर मातांची अर्भके उदासीन राहत किंवा तोंड फिरवीत. आईच्या आहाराचा वास हा बाळाला जगाचा पहिला परिचय असतो.

पुढे प्रत्येक वासाला प्रसंगांची जोड मिळत जाते. विंटरग्रीन नावाच्या वनस्पतीच्या तेलाचा वास ह्याचे चांगले उदाहरण आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या पाहणीत तो नावडत्या वासांत गणला गेला; पुढे अमेरिकेत झालेल्या पाहणीत मात्र तो अत्यंत आवडत्या वासांपैकी एक ठरला. ब्रिटनमधील लोकांना तो अंगदुखीवर चोळायच्या औषधातून माहीत होता आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना महायुद्धाच्या काळाची आठवण देत होता. अमेरिकेत तो मुलांच्या गोळ्यांचा वास होता. एकाला तो रुग्णशय्येची आठवण देई, तर दुसऱ्याला खाऊची. पेट्रोल, नवे पुस्तक, ताजा रंग, डांबराच्या गोळ्या ह्यांच्या वासाची काहींना जी ओढ वाटते, तिच्या मुळाशीही बहुधा प्रवासाची, शाळेची किंवा सणासुदीच्या कपड्यांची अशीच एखादी जोड असते.

परिचयाने नाकही घडते. ज्यांना अँड्रोस्टेनोनचा वास मुळीच येत नव्हता, अशा काही व्यक्तींना १९८९ मधील एका प्रयोगात सहा आठवडे तो नियमितपणे हुंगण्यास दिला असता त्यांपैकी निम्म्यांना तो जाणवू लागला. उलट, सतत सभोवती असलेल्या वासाकडे नाक थोड्याच वेळात दुर्लक्ष करू लागते. म्हणूनच स्वतःच्या घराचा वास कोणालाच येत नाही. तो पाहुण्यालाच येतो.

हिंग आणि अखुनी

समाजाची आवड ही अशा लक्षावधी व्यक्तिगत शिक्षणांची बेरीज असते. हिंगाचे उदाहरण घ्या. मध्य व पश्चिम आशियातील एका वनस्पतीच्या मुळातून पाझरणाऱ्या चिकाचा हा खडा. त्यात गंधकयुक्त द्रव्ये असल्यामुळे त्याचा दर्प इतका उग्र असतो की, जर्मन भाषेत त्याला ‘सैतानाची विष्ठा’ अशा अर्थाचे नाव पडले. भारतात तो शतकानुशतके अफगाणिस्तान व इराणकडून येत राहिला. त्याची लागवड करण्याचा प्रयत्न हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेने २०२० मध्ये सुरू केला. ह्या पाहुण्याला इतका सन्मान मिळाला की, ज्या घरांत कांदा-लसूण उग्र वासाचे म्हणून वर्ज्य, त्याच घरांत वरणाची फोडणी हिंगाखेरीज पुरी होत नाही. तापलेल्या तेलात पडताच त्याचा उग्रपणा ओसरतो आणि कांदा-लसणाची उणीव भरून काढणारा स्वाद उरतो. उघड्या डब्यातील हिंगाचा वास परदेशी माणसाला असह्य होतो. भारतीय गृहिणीला त्यातून शिजलेल्या डाळीची चाहूल लागते.

ह्याच्या शेजारी नागालँडमधील अखुनी ठेवून पाहण्यासारखी आहे. विशेषतः सुमी नागा लोकांच्या आहारातील हा पदार्थ सोयाबीनपासून करतात. दाणे भिजवून मऊ शिजवतात, पाने अंथरलेल्या टोपलीत भरून काही दिवस चुलीच्या उबेला ठेवतात, आणि आंबल्यावर कुटून केळीच्या पानात बांधून ठेवतात. आंबण्याच्या क्रियेत सूक्ष्मजीव दाण्यांतील प्रथिनांचे विघटन करतात. त्यातून चवीला भरदारपणा देणारी अमिनो आम्ले तयार होतात, आणि त्याबरोबरच अमोनियासारखी उग्र वासाची द्रव्येही. स्वाद आणि दर्प ही एकाच क्रियेची दोन फळे आहेत; एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणता येत नाही. मणिपूरचे हवाइजार, मेघालयाचे तुंगरुंबाई, मिझोरामचे बेकांग, सिक्कीमचे किनेमा आणि जपानचे नाट्टो हे सारे ह्याच कुळातील पदार्थ. ज्या घरांत डुकराच्या मांसाबरोबर अखुनी शिजते, तेथे तो वास म्हणजे घरी परतल्याची खूण असते.

हिंग आणि अखुनी ह्या दोहोंचाही दर्प उग्र आहे. दोहोंनाही परक्या नाकांनी नावे ठेवली आहेत. परंतु दिल्लीतील एखाद्या इमारतीत हिंगाच्या फोडणीबद्दल शेजारी तक्रार करीत नाहीत, अखुनीबद्दल करतात. दिल्ली पोलिसांनी २००७ मध्ये ईशान्य भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व पाहुण्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. बांबूचे कोंब, अखुनी आणि अशाच वासाचे पदार्थ शेजारीपाजारी गडबड होणार नाही अशा बेताने शिजवावेत, असा सल्ला तिच्यात होता. निकोलस खारकोंगोर ह्यांनी २०१९ साली ह्याच पदार्थाच्या नावाने जो हिंदी चित्रपट काढला, त्यात मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी शिजवायला दिल्लीत जागा शोधणाऱ्या तरुणांची कथा आहे. मुंबईसारख्या शहरातही सुकट किंवा सुके बोंबील भाजल्यावरून शेजाऱ्यांत कुरबुरी होतात. ह्या कुरबुरी नाकाच्या नावाने होत असल्या, तरी त्यांचा निकाल बहुधा संख्येने आणि सत्तेने लागतो.

आपला वास, परका वास

वासाचा निवाडा करताना माणूस वास कोणाचा आहे हेही विचारात घेतो. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये झालेल्या एका प्रयोगात मातांना स्वतःच्या व दुसऱ्यांच्या बाळांची मळलेली लंगोटी हुंगण्यास दिली असता स्वतःच्या बाळाच्या लंगोटीची किळस त्यांना कमी वाटली. कोणती कोणाची हे ठाऊक नसतानाही हा फरक टिकून राहिला. स्टीफन रायशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधील विद्यार्थ्यांना घामाने भिजलेले सदरे हुंगण्यास दिले. सदऱ्यावर स्वतःच्या विद्यापीठाचे चिन्ह असे, तेव्हा त्यांना किळस कमी वाटे; परक्या विद्यापीठाचे चिन्ह असे, तेव्हा अधिक. घाम तोच असला, तरी आपल्या माणसाचा घाम कमी घाण ठरतो.

ह्या निरुपद्रवी दिसणाऱ्या प्रवृत्तीला इतिहासात भयंकर फळे आली आहेत. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी यात्रेकरू फा-हियान लिहितो की, मध्यदेशात चांडाळांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नाही, आणि त्या चांडाळांना गावाबाहेर राहावे लागते. मनुस्मृतीने द्विजांना लसूण निषिद्ध ठरवला. तरीही प्राचीन वैद्यकाने त्याच लसणाची मुक्तकंठाने स्तुती केली. १८९० मध्ये कुचा येथे सापडलेल्या बॉवर हस्तलिखिताचा एक भाग लसणाच्या गुणवर्णनाला वाहिलेला आहे. म्हणजे वास सर्वांना ठाऊक होता, गुणही ठाऊक होते. निषेध वासापेक्षा तो खाणाऱ्यांशी अधिक जोडलेला होता. कातडी कमावणाऱ्यांच्या वस्त्या गावकुसाबाहेर ठेवल्या गेल्या, आणि कामाचा दर्प काम करणाऱ्या माणसांच्या अंगाला कायमचा चिकटवला गेला. हे केवळ भारतातच घडले असे नाही. खालच्या वर्गातील लोकांच्या अंगाला वास येतो, ही समजूत मुलांना लहानपणापासून दिली जाते आणि वर्गभेदाचे खरे मूळ तेथे आहे, असे इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल ह्यांनी १९३७ मध्ये नमूद केले होते. मताशी वाद घालता येतो. किळशीशी वाद घालणे कठीण. म्हणूनच किळस हे भेदभावाचे टिकाऊ साधन ठरले.

निसर्गाचा वाटा

ह्यावरून सगळी आवड शिकलेलीच असते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगातील नऊ भिन्न संस्कृतींतील २२५ व्यक्तींना दहा शुद्ध द्रव्यांचे वास पसंतीच्या क्रमाने लावण्यास सांगण्यात आले. त्यांत शिकारीवर व रानातील कंदमुळांवर जगणारे लोक होते, तसेच शहरातील रहिवासीही होते. सर्वत्र व्हॅनिलाचा वास सामान्यतः वरच्या क्रमांकावर आला आणि आयसोव्हॅलेरिक आम्लाचा तळाशी. पसंतीतील फरकांपैकी सुमारे ४१ टक्के भाग रेणूच्या स्वरूपावरून, ५४ टक्के व्यक्तीच्या वैयक्तिक आवडीवरून, आणि अवघा ६ टक्के संस्कृतीवरून स्पष्ट होत होता.

हा निष्कर्ष वरवर पाहता हिंग व अखुनीच्या कहाणीशी विसंगत वाटेल. परंतु ह्या प्रयोगातील वास एकेका द्रव्याचे, बिननावाचे आणि कोणत्याही ताटाशी संबंध नसलेले होते. प्रत्यक्ष जीवनात असा वास भेटत नाही. तेथे तो शेकडो द्रव्यांच्या मिश्रणातून, नावासह, चवीसह आणि माणसांसह येतो, आणि शिक्षणाला वाव तेथेच मिळतो. निसर्ग एक कल देतो. अनुभव तो बदलू शकतो. एकाच समाजातील दोन व्यक्तींमधील अंतर दोन समाजांमधील अंतरापेक्षा मोठे असते, ही ह्या अभ्यासाची शिकवण तर विशेष मोलाची आहे. ‘त्या लोकांची नाकेच वेगळी’ असे म्हणण्यास तिने जागा ठेवलेली नाही.

निसर्गाने दिलेला कल निरर्थकही नाही. नासलेले अन्न, कुजलेले मांस, धूर ह्यांच्या वासाने जी सावधगिरी उत्पन्न होते, तिने असंख्य जीव वाचवले आहेत. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात घाण वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. त्या वासाची सवय करून घेणे धोक्याचे ठरेल. पेट्रोलचा वास आवडत असला, तरी त्यातील बेंझीन आरोग्याला घातक आहे. म्हणजे आवडणारा प्रत्येक वास हितकर नसतो, तसा नावडणारा प्रत्येक वास घातक नसतो.

तेव्हा एखाद्या वासाने नाक मुरडले जाते, त्या वेळी तीन प्रश्न वेगळे करून पाहणे इष्ट ठरते. हा वास खरोखरच्या धोक्याची सूचना देतो काय? की तो केवळ अपरिचित आहे? की तो ज्या माणसांकडून येतो, त्यांच्याविषयीची अढी नाकाच्या रूपाने बोलत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर खिडक्या उघडाव्यात आणि उपाय करावा. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर काळ व परिचय ही पुरेशी औषधे आहेत; शेजाऱ्याच्या ताटात एकदा जेवल्याने जे साधते, ते उपदेशाने साधत नाही. तिसरे उत्तर स्वतःशी कबूल करणे सर्वांत अवघड असते. पण भाड्याने घर कोणाला द्यावे, पंगतीत कोणाला बसवावे आणि चुलीवर काय शिजू द्यावे, हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा त्याच प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागते.